डिस्फोरिया आहे आणि ऑटिझम किंवा एडीएचडीही असेल असं वाटतंय? मग काय काय करायचं

जेंडर डिस्फोरियाचं (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं नाही असं वाटून होणारा त्रास) बोलायला डॉक्टरकडे गेलात आणि मधेच ऑटिझम किंवा एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं) नाव निघालं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर समोरचा म्हणतो "अच्छा, मग हे जेंडरचं त्यातूनच आलं असेल", नाहीतर "ते राहू दे, आधी जेंडरचं बघू". माझ्या वाट्याला पहिलं आलं. एका सायकियाट्रिस्टने वीस मिनिटांत सांगून टाकलं की तुला एका विषयात अडकून पडायची सवय आहे, ट्रान्स असणं हा तुझा सध्याचा विषय आहे, आणि मी पण मान डोलावून बाहेर आलो कारण खोलीत पंखा घरघरत होता आणि मला फक्त तिथून निघायचं होतं. उत्तर सुचलं तीन दिवसांनी, ते पण आंघोळ करताना. तेव्हा मला जे कोणी सांगितलं नाही ते इथे लिहितोय, तुमचं तसं होऊ नये म्हणून. मी डॉक्टर नाही, यातून गेलेला ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, औषधांचं शेवटी तुमच्या डॉक्टरशीच बोलायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, दोन्ही एकत्र असणं हे काही जगावेगळं नाहीये. २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ६ लाख ४० हजारांहून जास्त लोकांचा डेटा होता, त्यात ट्रान्स आणि जेंडर-डायव्हर्स लोकांमध्ये ऑटिझमचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ३ ते ६ पट निघालं. त्याच्या आधी २०१० मध्ये अॅमस्टरडॅमच्या जेंडर क्लिनिकमध्ये २०४ मुलं तपासली तेव्हा ७.८ टक्क्यांना ऑटिझम होता. उलट बाजूनेही तेच, २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये जेंडर वेगळं असल्याचं पालकांनी सांगायचं प्रमाण ७ पटीच्या वर होतं आणि एडीएचडी असलेल्यांमध्येसुद्धा ६ पटीच्या वर. एडीएचडीचा हा आकडा लोक विसरतात, सगळी चर्चा ऑटिझमवरच होते.

का होतं याचं पक्कं उत्तर अजून नाही. पोटात असताना टेस्टोस्टेरॉन जास्त मिळतं म्हणून, अशी एक थिअरी होती, पण मग ट्रान्स बायकांमध्ये पण ऑटिझम जास्त का हे तिला नीट सांगता येत नाही. दुसरं म्हणणं असं की ऑटिस्टिक माणसाला "लोक काय म्हणतील" हे मुळातच कमी ऐकू येतं, म्हणून जे इतर लोक आयुष्यभर दाबून ठेवतात ते तो बोलून टाकतो. मला हे दुसरं जास्त पटतं, पण ते माझं मत. तुमच्या कामासाठी कारण शोधत बसायची गरज नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी असू शकतात, एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही, एवढं धरून चला.

अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी: दोन कागद

एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये नोट उघडा आणि दोन वेगळे कागद करा. पहिल्यावर जेंडरचं: कधीपासून, कशाने त्रास होतो, कशाने बरं वाटतं. दुसऱ्यावर डोक्याचं: लक्ष, आवाज-उजेड-स्पर्श, लोकांशी बोलणं, बदल झाला की काय होतं, वस्तू हरवणं, वेळ न कळणं वगैरे. प्रत्येक मुद्द्यापुढे एक प्रसंग लिहायचा, खराखुरा. "मला सोशल प्रॉब्लेम आहे" असं लिहून काही होत नाही, "आठवीत असताना वर्गात सगळे हसले आणि का हसले ते मला घरी जाऊन बहिणीने समजावलं" असं लिहा.

दुसऱ्या कागदावर लहानपणचं जास्त लिहा कारण तिथेच सगळं अडतं. एडीएचडीच्या डायग्नोसिससाठी काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधी दिसलेली असावी लागतात आणि ती किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत किंवा कामावर, दिसावी लागतात. ऑटिझममध्ये पण सुरुवात अगदी लहानपणीची असते, जरी लक्षात उशिरा आलं तरी. डिस्फोरियाचं तसं नाही, तो कोणाला चौथ्या वर्षी कळतो, कोणाला पाळी सुरू झाल्यावर, कोणाला तिशीत. त्यामुळे मी स्वतःला एक प्रश्न विचारला होता तो तुम्हीही विचारा: ज्या दिवशी जेंडरचा त्रास शांत असतो त्या दिवशी हे दुसरं तसंच असतं का? मी सुट्टीत एकटा घरी असायचो, आरशात बघायचं नाही, कोणी नावाने हाक मारायची नाही, तरी शर्टाच्या मागच्या लेबलने जीव नकोसा व्हायचा आणि दूध उतू जायचंच.

शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं सापडली तर सोनं. "हुशार आहे पण लक्ष नाही", "मधल्या सुट्टीत एकटी बसते" असले शेरे डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतात. हो, त्यावर जुनं नाव असतं. मी त्याच्यावर चिकटपट्टी लावून झेरॉक्स काढली.

चाचण्या, आणि त्या कुठे फसवतात

ऑनलाइन मिळणाऱ्या प्रश्नावल्या भरून बघायला हरकत नाही, पण त्यांना डायग्नोसिस समजू नका. ऑटिझमसाठी एक्यू नावाची ५० प्रश्नांची आहे, २००१ पासून वापरात आहे, मूळ कटऑफ, म्हणजे जिथून ऑटिझमची शक्यता धरतात तो स्कोअर, ३२. आरएएडीएस-आर ८० प्रश्नांची आहे, कटऑफ ६५. एडीएचडीसाठी एएसआरएस १८ प्रश्नांची, त्यातले पहिले ६ स्क्रीनिंगचे. आणि मास्किंग, म्हणजे आपण किती झाकतो ते मोजणारी कॅट-क्यू, २५ प्रश्न. ट्रान्स लोकांनी ही शेवटची जरूर भरावी, कारण आपण दोन गोष्टी झाकत मोठे झालेलो असतो आणि झाकण्याची सवय इतकी मुरते की डॉक्टरसमोर पण आपण छान डोळ्यात डोळे घालून बोलतो आणि तो लिहितो "नजर व्यवस्थित".

आता फसतं कुठे. "तुम्हाला पार्ट्या टाळाव्याशा वाटतात का", "लोकांमध्ये अवघडल्यासारखं होतं का", यावर कुठलाही डिस्फोरिया असलेला माणूस हो म्हणेल, कारण तिथे त्याला चुकीच्या नावाने आणि चुकीच्या कपड्यात उभं राहायचं असतं. म्हणजे स्कोअर वर जाणार आणि तो ऑटिझममुळे असेलच असं नाही. डिप्रेशन असेल, झोप होत नसेल, तर लक्ष लागत नाही आणि एडीएचडीचा स्कोअर फुगतो. त्यामुळे मी प्रत्येक "हो" च्या पुढे समासात एक शब्द लिहिला होता, "का". आवाजामुळे? काय बोलावं कळत नाही म्हणून? की मुलगी म्हणून बघतात म्हणून? हे समास घेऊन गेलो तेव्हा दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सगळ्यात आधी तेच वाचले.

आणखी एक बारीक गोष्ट. काही चाचण्यांमध्ये मुलगा आणि मुलगी यांचे निकष वेगळे असतात, उदाहरणार्थ एसआरएस-२ या लोकांत वागण्याबद्दलच्या प्रश्नावलीचा शाळकरी मुलांचा फॉर्म. ट्रान्स मुलाच्या बाबतीत कुठले लावले हे विचारा, आणि शक्य असेल तर दोन्ही लावून रिपोर्टमध्ये दोन्ही लिहायला सांगा. विचारलं म्हणून कोणी चिडत नाही, आणि चिडलं तर ते पण कळलं.

पूर्ण असेसमेंटमध्ये एडीओएस-२ असते, म्हणजे समोर बसून बोलणं आणि काही कृती करून बघणं, आणि बऱ्याचदा एडीआय-आर असते जी आई-बाबांची मुलाखत असते. इथे जपून. घरी तुमचं जेंडरचं माहीत नसेल तर मुलाखतीच्या आधीच, शक्यतो लेखी, सांगून ठेवा की आई-बाबांशी बोलताना कुठलं नाव वापरायचं, कुठले सर्वनाम, आणि जेंडरचा विषय काढायचा नाही. मुलाखतीत बराचसा रोख चार-पाच वर्षांच्या वयावर असतो, त्यामुळे तेवढ्यावर बोलणं ठेवता येतं. घरच्यांना बोलावणं धोक्याचंच असेल तर मोठी बहीण, आत्या, जुने शिक्षक, प्रगतीपुस्तक असं काहीतरी चालेल का ते विचारा, बरेच जण चालवून घेतात.

आणि कोणाकडे जुनं डायग्नोसिस असेल तर त्याची तारीख बघा. २०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे मानसिक निदानाच्या अमेरिकन नियमपुस्तकाची पाचवी आवृत्ती, आलं, त्याच्या आधीच्या नियमांत ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं डायग्नोसिस द्यायचं नाही असं होतं. म्हणजे २०१० मध्ये लहानपणी फाइल झाली असेल तर त्यात अर्धीच गोष्ट असू शकते. पुन्हा तपासून घ्या.

"हे तुझं ऑब्सेशन आहे" याला उत्तर

हे ऐकायला मिळेलच, म्हणून तयारीनं जा. डिस्फोरियाच्या डायग्नोसिसचे स्वतःचे निकष आहेत: मोठ्यांमध्ये ६ पैकी किमान २ लक्षणं, किमान ६ महिने, आणि त्यामुळे खरोखर त्रास किंवा कामात अडथळा. ऑटिझम असेल तर हे निकष लागू नाहीत असं कुठेही लिहिलेलं नाही. ऑटिझम आणि डिस्फोरिया दोन्ही असलेल्या टीनएजर्ससाठी २०१८ मध्ये तज्ज्ञांनी मिळून सुरुवातीची गाइडलाइन बनवली, त्यातही ऑटिझम आहे म्हणून जेंडरची मदत नाकारायची असं नाही, वेळ जास्त द्या, प्रश्न सोपे आणि ठोस विचारा, असा सूर आहे. २०२४ च्या इंग्लंडमधल्या कॅस रिव्ह्यूवर, म्हणजे मुलांच्या जेंडर सेवांच्या तपासणीच्या अहवालावर, ट्रान्स लोकांचे खूप आक्षेप आहेत आणि ते वाद चालूच राहतील, पण जेंडर क्लिनिकमध्ये येणाऱ्या मुलांचं ऑटिझमसाठी स्क्रीनिंग करा हे त्यातही आहे. म्हणजे तुम्ही "दोन्ही तपासा" म्हणताय यात विचित्र काही नाही.

हो, मला हार्मोन्सबद्दल रात्री तीन वाजेपर्यंत वाचायची सवय होती, एकाच वेळी चाळीस टॅब उघडे. ते स्पेशल इंटरेस्टसारखंच (ऑटिस्टिक माणूस ज्यात बुडून जातो तो विषय) होतं, नाकारत नाही. पण स्पेशल इंटरेस्टने मला मजा येते, टॅब बंद केले की विषय थांबतो. छातीचं तसं नव्हतं, टॅब बंद केल्यावर पण ती तिथेच असायची. डॉक्टरला हा फरक अशा शब्दांत सांगा, तुमच्या उदाहरणाने.

प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो. आपलं डोकं कधी कधी फार काळं-पांढरं असतं. "मला फ्रॉक आवडत नाही, मुली फ्रॉक घालतात, म्हणून मी मुलगी नाही" असा हिशोब मी बाराव्या वर्षी केला होता आणि तो हिशोब चुकीचा होता, उत्तर बरोबर आलं तरी. म्हणून कोणी हळू जाऊ म्हणत असेल आणि ते टाळाटाळ म्हणून नाही तर तुमच्याबरोबर बसून विचार करायला म्हणत असेल तर त्यात नुकसान नाही. नॉन-बायनरी असणं (फक्त पुरुष किंवा फक्त बाई नसणं), नुसते कपडे आणि नाव बदलून बघणं, हे सगळं मधलं मैदान मोकळं आहे. हळू जाणं आणि नुसतं ताटकळत ठेवणं यात फरक असतो, पुढची तारीख आणि त्या तारखेला काय बघायचं ते ठरलेलं असेल तर ते हळू जाणं.

आणि प्रश्न कळला नाही तर सांगा की कळला नाही. "तुला आतून पुरुष असल्यासारखं कसं वाटतं?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही, मला आतून भूक लागलीये हे पण उशिरा कळतं. त्याऐवजी विचारा म्हणावं: "दाढी आली तर कसं वाटेल? कोणी दादा म्हटलं तर? आवाज असाच राहिला तर?" याची उत्तरं मी तीन सेकंदांत दिली.

मराठीतली क्रियापदं, एक वेगळीच डोकेदुखी

हे इंग्रजी गाइडमध्ये सापडत नाही. मराठीत "मी" म्हटलं तरी लपता येत नाही, पुढे आलो म्हणा की आले म्हणा, तिथे जेंडर उघडं पडतं. मी अनेक वर्षं बोलायच्या आधी वाक्य मनात फिरवून बघायचो की यात "गेले" येतंय का, आणि तेवढ्यात समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. लोकांना वाटायचं मंद आहे. ऑटिझम आणि डिस्फोरिया एकाच घशात अडकतात ते असे.

घरी किंवा ऑफिसात अजून सांगितलेलं नसेल तर सुटायच्या वाटा आहेत. "मी सांगितलं", "मी पुस्तक वाचलं", "मी पाहिलं" यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं त्यामुळे तुमचं काही कळत नाही. "मला जायचंय", "माझं जेवण झालं", "मला वाटतं", "मला उशीर झाला" हे पण सुरक्षित. "मी आलो", "मी बसले", "मी करतो" इथे पकडले जाता. अशी पंधरा-वीस रोजची वाक्यं एकदा लिहून पाठ करून टाका म्हणजे दरवेळी डोकं तापत नाही. आणि असेसमेंटच्या खोलीत मात्र हे करू नका, तिथे जे क्रियापद तुमचं आहे तेच बोला, कारण लपवण्यात शक्ती गेली की बाकीचं सगळं बोलणं तुटक येतं आणि ते भलतीकडेच नोंदलं जातं.

टोचतंय की खुपतंय

कपडे, पाळी, अंगावरचे केस, आवाज, यात सेन्सरी त्रास (स्पर्श-आवाज-वासाचा) आणि डिस्फोरिया इतके गुंततात की आपल्यालाच कळत नाही. वेगळे करायचं कारण एवढंच की उपाय वेगळे आहेत. पॅडचा स्पर्श आणि वास नको होतो त्याला दुसऱ्या प्रकारचं पॅड किंवा पाळीची खास अंडरवेअर हा उपाय आहे. "हे माझ्या शरीरात होतंच का" हा त्रास असेल तर पाळी थांबवण्याबद्दल डॉक्टरशी बोलायचं. बहुतेकांना दोन्ही असतं, मग दोन्ही करा.

बाइंडरचं, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायच्या घट्ट कपड्याचं, उदाहरण घ्या. घट्ट, गरम, शिवण काखेत रुतते, सेन्सरी डोकं ओरडतं काढ काढ, आणि आरशात छाती सपाट दिसली की आतून इतकं शांत वाटतं की काढवत नाही. इथे धोका असा की भूक-तहान-दुखणं उशिरा कळणाऱ्या माणसाला बरगड्या दुखतायत हे पण उशिरा कळतं. म्हणून "दुखलं की काढीन" हा नियम आपल्याला चालत नाही, घड्याळाचा नियम लावा: जास्तीत जास्त ८ तास, झोपताना नाही, व्यायामाला नाही, बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळायची तर अजिबातच नाही. फोनवर अलार्म लावा आणि अलार्मला नाव द्या, नुसता वाजला तर मी बंद करून विसरतो.

हार्मोन चालू करताना

कुठला प्रकार घ्यायचा हे ठरवताना डॉक्टर तब्येत बघतात, तुम्ही तुमचं डोकं बघा आणि ते त्यांना सांगा. टेस्टोस्टेरॉनचं जेल रोज लावायचं असतं, ओलं चिकट लागतं, वाळेपर्यंत थांबायचं, दुसऱ्याच्या अंगाला लागू द्यायचं नाही. एडीएचडीवाल्याला रोजची गोष्ट म्हणजे रोजची चुकायची संधी. इंजेक्शन आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी असतं, लांब चालणारं तर १० ते १४ आठवड्यांनी, पण सुई आहे, आणि दोन डोसच्या मधे मूड वरखाली होऊ शकतो. इस्ट्रोजेनचे पॅच आठवड्यातून एक-दोनदा बदलायचे पण त्यांचा चिकटपणा काहींना दिवसभर जाणवत राहतो. परफेक्ट काही नाही, तुम्हाला कुठला त्रास परवडतो ते बघायचं.

औषधांची एक यादी करा आणि दोन्ही डॉक्टरांना, डोक्याच्या आणि हार्मोनच्या, तीच द्या. एडीएचडीच्या मिथिलफेनिडेटसारख्या औषधांनी नाडी आणि बीपी वाढू शकतं, टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं, टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दाबायला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनने बीपी उतरतं, म्हणून बीपी मोजून लिहून ठेवायची सवय लावा. ऑटिझमबरोबर फिट्स असणारेही बरेच असतात, त्यांनी तर नक्की सांगावं, कारण कार्बामॅझेपिन या फिट्सच्या औषधामुळे इस्ट्रोजेनची पातळी खाली जाते आणि इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिन या फिट्सच्याच दुसऱ्या औषधाची पातळी खाली जाऊ शकते. मनाने डोस कमी-जास्त करायचा नाही.

संमतीचा कागद घरी न्या. घाईघाईत सही करायची आपली सवय असते. दोन रकाने पाडा, परत फिरतं आणि परत फिरत नाही. टेस्टोस्टेरॉनने खाली गेलेला आवाज परत वर जात नाही, इस्ट्रोजेनने वाढलेली छाती आपोआप जात नाही, चरबीची जागा बऱ्यापैकी फिरते, मूल होण्याचं आधीच बोलून घ्या. आठवड्याने पुन्हा वाचा, मग सही.

आणि हे मला कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं: हवा असलेला बदल हा पण बदलच असतो. आवाज फुटायला लागला तेव्हा मी आनंदात होतो आणि त्याच महिन्यात तीन वेळा मेल्टडाऊन झाला (डोक्यावर भार जास्त होऊन ताबा सुटणं). घामाचा वास बदलला, त्वचा तेलकट झाली, स्वतःच्याच उशीचा वास अनोळखी. मला वाटलं माझा निर्णय चुकला. तसं नव्हतं, डोक्याला नवीन माल लावायला वेळ हवा होता. म्हणून पहिल्या काही महिन्यांत घर बदलणं, नोकरी बदलणं असलं काही शक्यतो काढू नका, जेवण-झोप-रस्ता तेच ठेवा, आणि वासाचा त्रास असेल तर साबण पण तोच.

शब्द जातात तेव्हासाठी एक कार्ड

ट्रान्स लोकांमध्ये आणि ऑटिस्टिक लोकांमध्ये, दोन्हीकडे, जीव द्यायचे विचार जास्त दिसतात, आणि दोन्ही असतील तर काळजी जास्त घ्यायची. शटडाऊनमध्ये, म्हणजे भार जास्त होऊन आपण आतून बंद पडतो तेव्हा, फोन करून बोलता येत नाही, म्हणून बरे असतानाच एक कार्ड लिहून पाकिटात ठेवा: माझं नाव हे, मला आत्ता बोलता येत नाही, लिहून विचारा, हात लावू नका, या माणसाला कळवा. त्या माणसाला आधी विचारून ठेवा, आणि नुसता एक टिंब मेसेज केला तरी तो येईल असं ठरवा. विचार अगदी जवळ आले असतील तर वाट न बघता इमर्जन्सीमध्ये जा, कार्ड पुढे करा.

घरचे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडंच: "आधी ऑटिझम बरा करू मग जेंडरचं बघू" असं करू नका, ऑटिझम बरा करायची गोष्ट नाहीये, त्यामुळे ते "मग" कधी येत नाही. नाव बदललं असेल तर नवीन नावाने हाक मारायला आजपासून सुरुवात करता येते, त्याला कुठलाही रिपोर्ट लागत नाही.

सहा महिन्यांनी, मग वर्षाने, ते सुरुवातीचे दोन कागद पुन्हा काढा आणि जुनं न बघता नवीन लिहा, मग शेजारी ठेवून बघा. माझ्या दुसऱ्या कागदावरच्या काही गोष्टी गेल्या, लोकांच्या घरी जायची भीती, फोन न उचलणं, रात्रभर जागणं. ते बहुतेक डिस्फोरियाचं होतं. लेबल, पंख्याचा आवाज, दूध उतू जाणं, बदललेला रस्ता, हे जसंच्या तसं राहिलं. हा नवीन कागद पुढच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा, एडीएचडीच्या गोळीचा डोस ठरवताना तोच लागतो.